एका दुपारी दिलेलं नाव

“फडकं झटकू नकोस. त्यात जीव आहेत. ज्या पाण्यातले ते आले, त्याच पाण्यात नेऊन सोड. आणि सोडून येईपर्यंत तोंड उघडू नकोस.”

लग्न होऊन आले त्या पहिल्या सकाळी सासूबाईंनी मला हे सांगितलं. आम्ही त्यांना आवक्का म्हणायचो. आवक्का गेल्या, गावात नळ आले, माझा नेम मात्र चालूच राहिला. नळाला पाणी नदीचंच येतं. पहाटे ते गाळायचं, फडक्याला लागलेलं धुऊन तांब्यात घ्यायचं आणि ती जिवाणी घाटावर नेऊन नदीत सोडायची. पायरीवर उभं राहून णमोकार म्हणायचा. दिवसातला पहिला शब्द त्यानंतर.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी हे मौन माझ्याकडून मोडलं. जिवाणीचा तांब्या हातात होता आणि समोर नदी काळी झाली होती. वर फेस, आणि फेसात मासे. पांढरी पोटं वर करून सगळा काठ भरला होता. बारीक बारीक पिल्लंसुद्धा. माझ्या तांब्यातले जीव मी त्या पाण्यात सोडायचे होते.

“अरिहंता,” मी म्हणाले, “हे काय केलं रे?”

माझी लेक त्रिशला सुट्टीत माझ्याबरोबर घाटावर यायची. ती तेव्हा सांगलीला बी.एस्सी.ला होती. तिच्या वर्गातली रेणुका भोई गुडघाभर पाण्यात उभी होती. वडिलांची पाटी तिच्या कमरेवर, रिकामी.

“बघा की काकी,” रेणुका म्हणाली, “तुमचा धर्म आणि आमचं जेवण, दोन्ही एकाच रात्रीत मेलं.”

कुणी हसलं नाही. मग तीच हसली आणि ओढणीनं डोळे पुसले.

“वरनं कारखान्यानं मळीचं पाणी सोडलंय. दरसालचंच आहे हे. चेअरमनच्या दारात जाऊन कोण बोलणार?”

“कुणीतरी सांगायला पाहिजे,” मी म्हणाले.

“कुणाला?” त्रिशलानं विचारलं. फोन तिच्या हातात आलेलाच होता.

असं ते ‘नदीकाठ’ नावाचं पान सुरू झालं. त्यावर कुणाचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता. नदी होती, मासे होते, आणि एका पहाटे रेणुकाच्या होडीतून काढलेला तो पाइप होता, कारखान्याच्या मागच्या भिंतीतून नदीत उतरलेला. खाली त्रिशलानं इतकंच लिहिलं होतं, ‘हे पाणी आपण पितो.’ लोकांनी ते इतकं पाहिलं की तहसीलदारांना घाटावर यावं लागलं. चेअरमननं सभेत माइकवर सांगितलं, “तोंड लपवून दगड मारणारे कोण आहेत ते आम्ही बघून घेऊ.”

पान कोण चालवतं हे तिघींनाच माहीत होतं. मला, त्रिशलाला आणि रेणुकाला. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

मग आषाढात, फोनवर जिथं ‘नदीकाठ’ होतं तिथंच, कुणीतरी आणखी एक खातं उघडलं.

माझ्या लेकीच्या नावानं. स्तवनाच्या स्पर्धेत बक्षीस घेताना काढलेला तिचा फोटो होता, त्यातलं तोंड कापून दुसऱ्याच कुठल्या बाईच्या अंगावर चिकटवलेलं. खाली तिचा फोन नंबर, आणि एक ओळ: ‘नदीकाठवाली हीच. भेटायचं असेल तर फोन करा.’

फोन यायला लागले. कुठले कुठले पुरुष. काय बोलायचे ते मी लिहिणार नाही. त्रिशलानं फोन तूरडाळीच्या डब्यात खुपसला आणि झाकण लावलं. तरी तो आत घुमत राहायचा. मी भाकरी थापायचे आणि फळीवर डाळीचा डबा थरथरायचा.

खातं कुणी काढलं हा प्रश्न तिला नंतर पडला. आधी पडला तो दुसरा. “आई, त्यांना कळलं कसं? माझं नाव दिलं कुणी?”

तिघींना माहीत होतं. एक ती स्वतः, एक मी. उरली एकच.

गल्लीतल्या बायकांनी दोघींची जोडी बघून तोवर ठरवूनही टाकलं होतं. “भोयांच्या पोरीवर विश्वास ठेवलात होय? त्यांना काय, चेअरमननं दोन जाळी दिली की झालं.” रेणुका घरी आली तेव्हा त्रिशलानं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

“तुझ्याशिवाय कोण गं?” ती म्हणाली.

रेणुकानं माझ्याकडं पाहिलं. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी म्हणायच्या आत ती पायऱ्या उतरून गेली.

त्या दिवसापासून त्रिशला भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. कॉलेज सुटलं. आंघोळ कर म्हटलं तर करायची, जेव म्हटलं तर जेवायची. एका दुपारी भिंतीकडं बघतच ती म्हणाली, “आई, नदीत एवढे मासे मेले, त्यात एक आणखी.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. “तुझं नाव कुणी सांगितलं ते मी शोधून काढीन,” मी म्हणाले. “तोवर मीठ सोडलं.”

आमच्यात असा एखादा रस सोडायचा नेम करतात. दूध, तूप, गोड, जे ज्याला जमेल ते. मीठ सगळ्यात अवघड. घास तोंडात फिरत राहतो आणि सोडलेल्या गोष्टीची दर जेवणाला आठवण होते. मला तेच हवं होतं.

*

तालुक्याच्या ठाण्यात मी इतक्या वेळा गेले की चहावाला मला ओळखायला लागला. तक्रार घेतली ती कितव्या तरी खेपेला. मग ‘नदीकाठ’ आणि ते खातं ज्या परदेशी कंपनीच्या फोनवरच्या पानांत होतं, तिला ठाण्यातनं लिहिलं. तिथले साहेब शिंत्रे. त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरवर आमच्याच गल्लीतला आदगोंडा चौगुले बसायचा. हवालदार. माझ्या धाकट्या दिराबरोबर आमच्या अंगणात विटीदांडू खेळून मोठा झालेला, मला अक्का म्हणणारा. आपला माणूस आहे म्हणून मला केवढा आधार वाटायचा.

“मोठ्यानं बोला बाई,” साहेब दर वेळी म्हणायचे. “ऐकू येत नाही.”

माझा आवाज लहानच आहे. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, पाठ म्हणतानाही शेजारणीला ऐकू जात नाही.

“कंपनीचं उत्तर आलं का, विचारत होते.”

“आलं. आदगोंडा, सांग ह्यांना.”

आदगोंडानं पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, “ते म्हणतात, हे खातं आमच्या नियमांत बसतं. बंद करता येणार नाही.”

“नियमांत बसतं?” मी विचारलं. “तोंड माझ्या लेकीचं, नंबर माझ्या लेकीचा, अंग दुसऱ्या कुणाचं. हे कुठल्या नियमात बसतं?”

“ते आपण नाही ठरवत अक्का.”

“मग ते कुणी काढलंय, तेवढं तरी सांगतील?”

“त्याला कोर्टाचा आदेश लागतो म्हणतात. तोही त्यांच्या देशातल्या कोर्टामार्फत आलेला.”

“त्यांचं ऑफिस कुठं आहे? मी जाते.”

साहेब हसले. “मुंबईत आहे की काचेचं. जावा. रखवालदार सांगेल, इथं फक्त जाहिरातीचं बघतात.”

“फोन नंबर?”

“नाही.”

“साऱ्या जगाला फोनवर बसवलं आणि स्वतःला फोन नाही?”

दारातल्या एका शिपायाला हसू आलं, साहेबांनी बघितल्यावर ते गेलं. “हे बघा बाई, कंपनी कुणाचं ऐकत नाही. सरकारचं ऐकत नाही, तिथं आमचं काय? आम्ही लिहिलं, आमचं काम झालं.” मग ते जरा पुढं वाकले. “एक सांगू? पोरींच्या हातात फोन देताना आईबापांनी विचार करायचा असतो. तुम्ही एवढं देवाधर्माचं करता, गाळून पाणी पिता. घरात काय चाललंय तेही जरा गाळून बघायचं.”

माझ्या हाताच्या मुठी पदराखाली वळल्या. आदगोंडा पडद्याकडं बघत होता. त्यानं एकदाही मान वळवली नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला साहेबांची लाज वाटत असेल.

बाहेर आल्यावर एस.टी.च्या फलाटावर उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी शिव्या दिल्या. मनातच दिल्या, पण एकही वगळली नाही. साहेबांना दिल्या, त्या काचेच्या इमारतीला दिल्या, ज्याच्या कुणाच्या टेबलावर माझ्या लेकीचा फोटो गेला आणि ज्यानं तो नियमात बसवला त्याला दिल्या. घरी येऊन प्रायश्चित्ताची माळ ओढायला बसले तर माळेच्या प्रत्येक मण्याला परत तीच शिवी यायला लागली. शेवटी माळ ठेवून दिली.

*

पर्युषणाचे दिवस आले. उपास झाले, पाठ झाले, अनंत चतुर्दशी झाली आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला.

त्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. लहान-मोठं बघत नाही. हात जोडून म्हणायचं, ‘कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा.’ समोरच्यानंही हात जोडायचे, ‘क्षमा.’ काय चुकलं ते विचारायचं नसतं. अबोला धरलेले सख्खे भाऊ त्या दिवशी एकमेकांच्या दारात गेलेले मी पाहिलेत.

बस्तीत एकेक बाई माझ्यापुढं येत होती. जिनं रेणुकाचं नाव घेतलं होतं ती. जिच्या नवऱ्यानं तो फोटो पानटपरीवर चार जणांना दाखवला होता ती. सगळ्यांचे हात जोडलेले, आणि सगळ्यांच्या घरातल्या फोनवर तोच फोटो. मी क्षमा म्हणत गेले. जीभ म्हणत होती. आतून मी एखाद्या तापलेल्या तव्यासारखी होते, पाणी शिंपडलं असतं तर आवाज आला असता.

दुपार कलल्यावर माणसं घरोघर येतात. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून मी स्वयंपाकाला लागले होते. आमचे हे बाहेर गेलेले. त्रिशला आतल्या खोलीत, तिच्या भिंतीपाशी.

“अक्का, आहात का?”

आदगोंडा होता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कपाळाला केशर. वर्दीशिवाय तो मला पुन्हा अंगणातला पोरगा दिसला. त्यानं हात जोडले.

“कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा, अक्का.”

“क्षमा रे बाबा,” मी हात जोडले. “माझंही काही चुकलं असेल तर.”

तो जाईना. खांबाला टेकून खाली बसला. पाणी मागितलं, ते दिलं. रिकामं फुलपात्र दोन्ही हातांत फिरवत राहिला.

“मनापासून केलीत ना?”

“नेमानं केली. मन मागनं येतं.”

“पण केली.”

“केली म्हटलं ना. काय झालंय तुला?”

“मग सांगून टाकतो,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच सुटल्यासारखं दिसत होतं. “क्षमा झालीच आहे तर आता सांगायला हरकत नाही. मला झोप लागत नाही अक्का. त्रिशलाचं नाव त्या भोयाच्या पोरीनं नाही सांगितलं.”

चुलीवरचा तवा तसाच राहिला.

“मग कुणी?”

“कंपनीनं.”

मला आधी अर्थच लागला नाही. “कुठल्या कंपनीनं?”

“त्याच. मीच मागितलं.” तो फुलपात्राकडं बघून बोलत होता. “उन्हाळ्यात साहेबांनी आत बोलावलं. चेअरमन तिथंच चहा पीत बसले होते. साहेब म्हणाले, ते नदीकाठ कोण चालवतंय काढ. मी म्हटलं, कोर्टाचा आदेश लागेल. साहेब म्हणाले, ती दुसरी खिडकी उघड की.”

“कसली खिडकी?”

“कंपनीनं पोलिसांसाठी ठेवलीय, कॉम्प्युटरवरच. म्हणजे समजा एखादं पोर पळवलंय, कुणी जीव देतो म्हणून लिहिलंय, तर कोर्टात जायला वेळ कुठला? तेव्हा तिथं लिहायचं, जिवाला धोका. मग कंपनी बिनआदेशाचं नाव देते. चांगल्यासाठीच आहे ती. मी तिच्यावर दोन पोरं वाचवलीत अक्का, खोटं नाही सांगत.”

“आणि तू लिहिलंस.”

“लिहिलं. जिवाला धोका.”

“कुणाच्या?”

त्यानं फुलपात्र खाली ठेवलं.

“आदगोंडा, कुणाच्या जिवाला धोका म्हणून लिहिलंस?”

“चेअरमनच्या.”

मला तो काठ दिसला. पांढरी पोटं. हातातला तांब्या.

“कंपनीनं विचारलं नाही काही? कसला धोका, कुणापासून?”

“नाही.”

“पान उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं. नदीशिवाय काय होतं त्यावर?”

“कुणी बघत नसावं. मी जेवायला घरी आलो, परत गेलो तर नाव आलेलं. नंबर, गाव, कुठल्या फोनवरनं चालतं, सगळं. वाचलं तेव्हा कळलं, आपली त्रिशला. पण साहेब समोर उभे. त्यांनी ते चेअरमनपुढं ठेवलं. चेअरमननं आपल्या फोनवर फोटो काढून घेतला. पुढचं त्यांच्या माणसांनी केलं असणार.”

“एका दुपारी,” मी म्हणाले.

“हं?”

“एका दुपारी दिलं त्यांनी माझ्या लेकीचं नाव. आणि तिची अब्रू घेणाऱ्याचं नाव मागितलं तर परदेशातलं कोर्ट. मी तुझ्या टेबलासमोर उभी राहून विचारत होते, आदगोंडा. कंपनी कुणाचं ऐकत नाही म्हणून साहेब सांगत होते, आणि तू तिथं बसला होतास. तेव्हा ती खिडकी नाही उघडलीस?”

“मी म्हटलं होतं साहेबांना. ते म्हणाले, असल्या कामासाठी नाही ती.”

“ती आत भिंतीकडं तोंड करून पडलीय. नदीत आणखी एक मासा म्हणते. तिचा जीव नाही?”

“आहे की अक्का.”

“मग?”

तो उठायला लागला आणि परत हात जोडायला लागला, आणि तेव्हा मला भरून आलं ते रडू नव्हतं. त्यानं माझ्याकडून आधी क्षमा घेतली होती आणि मग सांगितलं होतं. ठरवून नसेल केलं. पण माझ्याकडं आता द्यायला काही शिल्लक नव्हतं आणि घ्यायलाही नव्हतं. क्षमावाणीची क्षमा परत मागता येत नाही. तो हलका होऊन घरी जाणार होता, सूर्य मावळायच्या आत पोटभर जेवणार होता.

“बस,” मी म्हणाले.

माझा आवाज चढला नाही. पण तो बसला.

“क्षमा दिलीय, ती दिली. मी फिरवणार नाही. पण ती तुला दिली. तुझ्या साहेबांना नाही, त्या चेअरमनला नाही. आणि त्या कंपनीला तर नाहीच, तिनं मागितलेलीसुद्धा नाही. आता ऐक. मला जे सांगितलंस ते जज्जांपुढं सांगायचं.”

“अक्का!”

“ज्या पाण्यातनं जीव उचलला त्याच पाण्यात सोडायचा असतो. नाव ठाण्यातनं फुटलं. तू ते माझ्या ओसरीवर आणून सोडलंस तर कसं चालेल?”

“नोकरी जाईल माझी.”

“जाईल.”

“लहान पोरं आहेत.”

“माझी एकच आहे.”

त्यानं तोंडावरून हात फिरवला. “कोर्टानं बोलावून विचारलं तर सांगेन.”

“न विचारता सांगायचं. नियम घे.”

आमच्यात देवापुढं घेतलेला नियम मोडत नाहीत. त्याला ते माहीत होतं, म्हणूनच तो इतका वेळ देव्हाऱ्याकडं पाठ करून बसला होता. तो उठला. समईकडं वळला. मग हात जोडून, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, “नियम आहे.”

तो गेल्यावर मी वळले तर त्रिशला आतल्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

“रेणुकानं नव्हतं सांगितलं,” ती म्हणाली.

“नाही.”

तिनं कोपऱ्यातल्या चपला ओढल्या. आषाढापासून त्यांच्यावर धूळ बसली होती. ती न झटकताच पायांत घातल्या.

“कुठं निघालीस?”

“भोई गल्लीत. आजच मागायची असते ना?”

मी दारात उभी राहून बघत होते. शेजारच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. ती त्यांच्यासमोरून गेली, मान खाली न घालता. रेणुकानं तिला आधी एक सणसणीत थोबाडीत दिली आणि मग चहा दिला, हे मला दुसऱ्या दिवशी दोघींनी एकदमच सांगितलं.

*

सांगलीच्या जमादार वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा फक्त म्हणाल्या, “मावशी, जरा मोठ्यानं.” पण त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

“हायकोर्टात जाऊ,” त्या म्हणाल्या. “एका चेअरमनचा प्रश्न नाही हा. पोलिसानं ‘जिवाला धोका’ लिहिलं आणि कंपनीनं नाव दिलं, तर मागनं कुठल्या तरी मॅजिस्ट्रेटनं ते तपासायला नको? जिचं नाव दिलं तिला कळवायला नको? आणि जिची विटंबना चाललीय तिला किती दिवसांत उत्तर द्यायचं, ते कंपनीच्या मर्जीवर कसं? हे कोर्टानं बांधून दिलं पाहिजे.”

“मग मागा की.”

“मागते. पण कंपनी म्हणणार, आमच्याकडं रीतसर मागणी आली होती. पोलीस म्हणणार, खरंच धोका वाटला होता. ती मागणी खोटी होती हे सांगणारा आतला माणूस लागेल. येईल तो?”

“त्यानं नियम घेतलाय.”

वकीलबाईंनी त्रिशलाकडं पाहिलं. त्रिशलानं त्यांना सांगितलं नियम म्हणजे काय ते. त्यांनी वहीत त्याचं नाव लिहून घेतलं. “बरं,” म्हणाल्या.

आमचे हे मात्र रोज म्हणायचे, “तो यायचा नाही. सरकारी माणूस आहे. ओसरीवर बोलणं वेगळं.” आणि तसंच वाटायलाही लागलं होतं. आदगोंडाची बदली झाली. गल्लीत दिसला तर मान खाली घालून जायचा. त्याची बायको बस्तीत माझ्या शेजारी बसायची ती उठून पलीकडं बसायला लागली. एका सकाळी आमच्या दारावर कुणीतरी मळीचं पाणी ओतून गेलं. मी ते धुतलं आणि पाणी गाळायला बसले. राग माझ्यात रोज ताजा उगवायचा. त्या राहिलेल्या दिवसांत देवाजवळ मी शांती मागितली नाही. राग टिकू दे, एवढंच मागितलं.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मुंबईत पुढं काय काय झालं ते बाकीच्यांनी सांगितलंय, वर्तमानपत्रातही आलं. मला आठवते ती हायकोर्टातल्या तारखेच्या आधीची सकाळ.

थंडी पडली होती. त्रिशला आणि वकीलबाई आदल्या दिवशीच मुंबईला गेल्या होत्या. मी जिवाणीचा तांब्या घेऊन घाटाकडं निघाले. नदीवरून धुकं वर चढून स्टँडपर्यंत आलेलं. सांगलीच्या पहिल्या गाडीला एकच माणूस उभा होता. कानाला मफलर, अंगात साधा स्वेटर, हातात एक पिशवी.

आदगोंडानं मला पाहिलं. मग माझ्या हातातला तांब्या पाहिला. मला बोलता येणार नाही हे त्याला कळलं.

“घरी सांगितलेलं नाही अक्का,” तो म्हणाला. “ड्युटीवर चाललोय म्हटलं.”

मी उभी राहिले.

“खोटं बोललो म्हणा. पण तसं बघायला गेलं तर ड्युटीच आहे.” तो हसायला गेला, ते जमलं नाही.

गाडी आली. एका म्हातारीनं भाजीची बुट्टी वर चढवायला लावली, त्यानं ती चढवली, मागनं तिला हात दिला आणि मग स्वतः चढला. मी हात हलवला नाही. तो माझ्या बाजूच्या खिडकीशी येऊन बसला. कंडक्टर पिशवी वरच्या फळीवर टाकायला लागला तशी त्यानं ती घाईनं परत घेतली. तिचं तोंड उघडलं तेव्हा मला आतली खाकी वर्दी दिसली, कडक इस्त्री केलेली, घडी घातलेली.

“चुरगळेल,” तो कंडक्टरला म्हणाला, “तिथं गेल्यावर घालायची आहे,” आणि पिशवी मांडीवर सरळ ठेवून, तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसला. गाडी सुटली.